झोकांडी दिसली की दारूच का आठवते?

रस्त्याने एखादा माणूस झोकांड्या खात चालला असेल आणि त्याचे बोलणेही जड येत असेल, तर पाहणारे लगेच निदान करून मोकळे होतात : प्यायला आहे. तो माणूस आपल्या वस्तीतला असेल तर हे निदान तपासून पाहण्याची गरजही कुणाला वाटत नाही. कंडक्टर त्याला बसमध्ये चढू देत नाही, मुकादम कामावर घेत नाही आणि दवाखान्यात गेला तर ‘उतरल्यावर ये’ असे ऐकावे लागते. यातल्या काही माणसांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नसतो. त्यांच्या लहान मेंदूतल्या पेशी हळूहळू झिजत असतात. लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो. तोच झिजला की पाय भरकटतात, जीभ अडखळते, हातातला पेला तोंडापर्यंत नीट जात नाही. या विकाराला अ‍ॅटॅक्सिया म्हणतात आणि त्याचे काही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात चालत येतात.

यातला एक प्रकार वैद्यकशास्त्राला ठळकपणे दाखवून दिला तो मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. नोशिर होरमसजी वाडिया यांनी. आरोग्याच्या पानावर एका मोठ्या न्यूरॉलॉजिस्टबद्दल लिहायचे कारण त्यांना हार घालणे हे नाही. त्यांच्या संशोधनातून आपल्या वस्तीला काय मिळाले, काय मिळायचे राहिले आणि ते मिळवायचे कसे, याचा हिशेब आम्हाला मांडायचा आहे. आम्ही म्हणजे वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या आणि आता वस्त्यांतून आरोग्याचे काम करणाऱ्या बाया.

सरकारी खाटेवरून निघालेले संशोधन

वाडिया यांचा जन्म १९२५ सालचा, सुरतचा. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी रसेल ब्रेन या त्या काळच्या नामवंत न्यूरॉलॉजिस्टच्या हाताखाली काम केले. मनात आणले असते तर ते तिथेच राहिले असते. पण ते परत आले आणि १९५७ मध्ये जे. जे.त त्यांनी न्यूरॉलॉजी विभाग उभा केला. पुढची जवळजवळ पाव शतक त्यांनी तिथे रुग्ण तपासले आणि विद्यार्थी घडवले. पुढे जसलोक रुग्णालयातला न्यूरॉलॉजी विभागही त्यांनी सुरू केला. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

ते पारशी समाजातले आणि इंग्लंडला शिकलेले. तरी त्यांचे महत्त्वाचे काम उभे राहिले ते सरकारी रुग्णालयात. तिथे सीटी स्कॅन नव्हते, एमआरआय नव्हते, जनुकांच्या चाचण्या तर कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या. हातात होते ते रिफ्लेक्स पाहायची हातोडी, टॉर्च आणि केसपेपर. आणि समोर होता गोरगरीब रुग्ण, जो दुसरीकडे कुठे जाऊ शकत नव्हता.

१९७१ मध्ये त्यांनी आर. के. स्वामी यांच्यासह ‘ब्रेन’ या इंग्लंडच्या नियतकालिकात एक निबंध छापला. त्यात नऊ कुटुंबांची हकिकत होती. या कुटुंबांमधल्या माणसांचा तोल जात होता, हे तर उघडच होते. पण वाडियांनी आणखी एक गोष्ट टिपली : यांचे डोळे सावकाश फिरतात.

हे काय असते ते समजून घेऊ. आपण दारातून खिडकीकडे पाहतो तेव्हा डोळा सरकत जात नाही, तो उडी मारतो. ही उडी इतकी झटपट असते की आपल्या ध्यानातही येत नाही. या कुटुंबांमधल्या आजारी माणसांना ही उडी मारताच येत नव्हती. त्यांची नजर गोगलगायीसारखी सरकत जाई. म्हणून ती माणसे डोळे फिरवण्याऐवजी मानच वळवत. घरच्यांना वाटे, हा असाच टक लावून बघतो. वाडियांना वाटले, हे लक्षण आहे.

पुढे २५ वर्षांनी, १९९६ मध्ये, परदेशातल्या वेगवेगळ्या शास्त्रज्ञांच्या गटांनी या आजाराचे जनुक शोधले. त्याला स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया प्रकार दोन, थोडक्यात एससीए-२, असे नाव आहे. वाडियांनी १९९८ मध्ये सहकाऱ्यांसह भारतीय कुटुंबांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली आणि सावकाश फिरणारे डोळे हे या आजाराच्या निदानात किती मोलाचे आहे ते पुन्हा मांडले. तेव्हा त्यांचे वय ७३ होते. १९७१ साली नुसत्या डोळ्यांनी पाहिलेले १९९८ साली प्रयोगशाळेत खरे ठरले.

इतरही कामे अशीच वॉर्डातून आली. १९७१ मध्ये डोळे येण्याची मोठी साथ आली होती. डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी काही रुग्णांचे पाय लुळे पडू लागले. डोळ्यांच्या साथीचा आणि पायांच्या लुळेपणाचा हा संबंध वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला आणि जगापुढे मांडला. दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर निघालेले केसपेपर एकत्र ठेवून वाचल्याशिवाय असे काही सापडत नाही.

शिक्षक म्हणूनही त्यांचा आग्रह हाच होता. इंग्लंड-अमेरिकेची पुस्तके पाठ करून भारतातला रुग्ण कळत नाही. इथे क्षयाने मेंदूला सूज येते, इथे फीतकृमीच्या गाठी मेंदूत होऊन फिट येतात, इथे माणूस आजार घेऊन उशिरा येतो. म्हणून २००५ मध्ये त्यांच्या संपादनाखाली भारतीय दृष्टिकोनातून लिहिलेला न्यूरॉलॉजीचा मोठा ग्रंथ निघाला. आपल्या मातीतला रुग्ण हाच आपला ग्रंथ, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

औषधच नाही, तर निदान कशाला?

आता हिशेबाची दुसरी बाजू. ती नऊ कुटुंबे कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची होती, हा आमचा मुद्दा नाही. त्यांची नावे छापली नाहीत हेही योग्यच झाले. मुद्दा असा की त्यांनी आपले डोळे, आपली चाल, आपल्या घराण्याची दुःखद वंशावळ वैद्यकशास्त्राला दिली. शास्त्र पुढे गेले. पण एससीए-२ बरा करणारे औषध आजही नाही.

हे सांगितले की बरेच जण विचारतात, डॉक्टरसुद्धा विचारतात : मग निदान करून उपयोग काय? पाच-सहा हजारांची चाचणी कशाला करायची?

आमचे उत्तर असे. निदान नसते तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. तिथे दुसरे निदान येऊन बसते. पुरुष असेल तर दारुडा. बाई असेल तर अंगात आले, करणी केली, मराठवाड्यात गेलात तर भानामती. तरुण नवरा लग्नानंतर दोन वर्षांत तोल जाऊन पडू लागला तर बायको पांढऱ्या पायाची. खरे पाहता हा आजार त्याला आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडून आलेला असतो. ज्याला तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. पुढच्या पिढीत तो बहुधा आधीच्या वयातच दिसू लागतो. सुनेचा त्यात काडीचा संबंध नाही. एका कागदावरचे निदान त्या सुनेला घरातून हाकलून देण्यापासून वाचवू शकते. हे औषध नव्हे काय?

निदान झाले की आणखी बरेच करता येते. तोल सांभाळायचे व्यायाम शिकवता येतात. न्हाणीघरात पकडायला आडवा बांबू लावता येतो. पातळ पाण्याने ठसका लागतो, म्हणून घास कसा द्यावा, पाणी कसे पाजावे हे घरच्यांना सांगता येते. या रुग्णांचा जीव पुष्कळदा मूळ आजारापेक्षा पडण्याने आणि छातीत अन्न जाऊन झालेल्या न्यूमोनियाने जातो. ते थांबवणे हे परिचारिकेचे काम आहे, त्याला जनुकाची चाचणी लागत नाही. लग्नाआधी, मूल होण्याआधी मुलामुलींना सत्य सांगून त्यांचा निर्णय त्यांना घेऊ देता येतो. आणि दिव्यांगत्वाचा दाखला काढता येतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार आहेत आणि पार्किन्सन हे नाव तर स्वतंत्रपणे लिहिलेले आहे. दाखला असेल तर संजय गांधी निराधार योजनेसारख्या योजनांचे दार ठोठावता येते. दाखल्यासाठी निदान लागते, आणि ‘दारुडा’ या निदानावर कोणताही दाखला मिळत नाही.

औषध असलेले आजारही हातचे जातात

याहून मोठे दुःख असे की ज्या आजारांना औषध आहे तेही न ओळखल्यामुळे हातचे जातात.

विल्सनचा आजार घ्या. यात शरीरातले तांबे बाहेर पडत नाही. ते यकृतात आणि मेंदूत साठत जाते. बारा-पंधरा वर्षांचा हुशार पोरगा अचानक मागे पडतो, अक्षर बिघडते, तोंडातून लाळ गळते, हात थरथरतो, चिडचिड करतो. शाळा म्हणते लक्ष नाही, घर म्हणते बाहेरचे काही लागले. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडे दिसू शकते, ते पाहायला डोळ्यांचा डॉक्टर लागतो. या आजारावर पेनिसिलामाइन हे औषध १९५६ पासून आहे, झिंकही आहे. वेळेवर सुरू केले आणि जन्मभर घेतले तर मूल शिकते, नोकरी करते, संसार करते. उशीर झाला तर अंथरुणाला खिळते. एका मुलाला हा आजार निघाला की त्याच्या सगळ्या सख्ख्या भावंडांची तपासणी झालीच पाहिजे, कारण लक्षणे दिसण्याआधीच औषध सुरू करता येते. भारतातल्या विल्सनच्या रुग्णांवर डॉ. दराब दस्तूर यांच्याबरोबर वाडियांनीही साठच्या दशकात काम केले होते. म्हणजे ही माहिती नवी नाही. ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आणि शाळेच्या बाईंपर्यंत पोचायला अजून वेळ का लागतो, हा प्रश्न आहे.

इथे एक कडू गोष्ट आपल्याच माणसांना सांगावी लागते. विल्सनमध्ये आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक यावे लागते. नात्यात लग्न झाले तर ही शक्यता वाढते. मामाची मुलगी करायची रीत आपल्यातही आहे. धम्म घेतला, हळद-अक्षता सोडल्या, पण ‘घरातली पोरगी घरात’ हे काही सुटले नाही. ज्या घरात असा आजार दिसला आहे, तिथे तरी ही सोयरीक थांबवा.

दुसरा आजार पार्किन्सनचा, ज्याला आपण कंपवात म्हणतो. बहुधा एका बाजूच्या हातापासून सुरुवात होते. हात मांडीवर निवांत ठेवला की थरथरतो. पण थरथर हेच एक लक्षण नव्हे, काहींचा हात थरथरतच नाही. चाल मंदावते, एक हात हलेनासा होतो, अक्षर बारीक होत जाते, चेहऱ्यावरचे भाव जातात, बद्धकोष्ठ असते, वास येत नाही. घरचे म्हणतात, वय झाले. सून म्हणते, सासूबाई मुद्दाम हळू करतात. लेव्होडोपा हे औषध साठच्या दशकाच्या शेवटापासून वापरात आहे. आजार मुळापासून जात नाही, पण माणूस पुन्हा स्वतःच्या हाताने जेवू लागतो. या गोळीला वेळ पाळावी लागते. मटण, अंडी, डाळ, दूध भरपूर असलेल्या जेवणाबरोबर घेतली तर काहींना ती नीट लागू पडत नाही. म्हणून जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगतात. ही गोळी एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. दुसऱ्या कारणासाठी रुग्ण वॉर्डात दाखल होतो, तिथे सगळ्यांच्या गोळ्या वाटायची वेळ एक, आणि याच्या गोळीची वेळ वेगळी. ती चुकली की तो लाकडासारखा ताठ होतो. परिचारिका भगिनींनी हे आपल्या वहीत ठळक लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्तात टळणारी. काही गोळ्यांनीच पार्किन्सनसारखी लक्षणे येतात. मानसिक आजारावरची काही औषधे तशी आहेत, पण ती डॉक्टरच्या देखरेखीखाली असतात. काळजी करावी अशी आहेत ती रोजच्या वापरातली : चक्कर थांबवणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड, आणि अ‍ॅसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये मिसळलेले लेव्होसल्पिराइड. आठवडाभरासाठी लिहून दिलेली चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून आजी तीच गोळी तीन-तीन वर्षे घेत राहते. मग ती वाकते, थरथरते आणि सगळे म्हणतात म्हातारपण. अशी गोळी डॉक्टरने बंद केली तर बऱ्याच जणांची लक्षणे काही महिन्यांत कमी होतात. आपल्या मनाने गोळ्या थांबवू नका. घरातली सगळी पाकिटे, अगदी रिकामीसुद्धा, एका पिशवीत भरा आणि डॉक्टरपुढे ओता. तसेच खाजकुइलीच्या बियांची पावडर घेत असाल तर तेही सांगा. तिच्यात लेव्होडोपाच असते. म्हणजे गोळीवर गोळी घेतल्यासारखे होते.

‘काम काय करता?’ हा प्रश्न

१८३७ साली ग्लासगोच्या जॉन कूपर या डॉक्टरने मँगनीज दळणाऱ्या कामगारांमध्ये चालण्या-बोलण्याचा विकार पाहिला आणि लिहून ठेवला. मँगनीजची धूळ छातीत जात राहिली तर पार्किन्सनसारखा आजार होतो, हे तेव्हापासून माहीत आहे. आपल्याकडे नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत. वेल्डिंगच्या धुरातही मँगनीज असते. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाचा पार्किन्सनशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पाठीवर पंप घेऊन शेतात फवारणी करणारा कोण, खाणीत धूळ खाणारा कोण, हे या मासिकाच्या वाचकाला समजावून सांगायला नको. पण ओपीडीत मान न उचलता ‘वय किती, त्रास काय’ एवढेच विचारले जाते. ‘काम काय करता’ हे विचारायला अर्धे मिनिट लागते. ते शिकवले गेले पाहिजे.

मोजणीचेही तसेच. १९८८ मध्ये मुंबईच्या पारशी समाजातल्या पार्किन्सनची पाहणी प्रसिद्ध झाली. डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन सुमारे १४ हजार लोकांची माहिती घेतली. लाखामागे ३२८ रुग्ण सापडले. हा आकडा जगभर गाजला. एका छोट्या समाजाने दारे उघडली, माणसे मोजू दिली, म्हणून त्याचा आजार शास्त्राच्या नकाशावर आला. ज्यांची मोजणी होत नाही त्यांचा आजार नसल्यासारखा धरला जातो. ही गोष्ट जनगणनेपासून आरक्षणापर्यंत आपण पुरती जाणतो. आजारालाही तोच नियम लागू आहे.

शिकवायचे कुणाला?

२०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात हालचालींचे विकार हा वेगळा घटक आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण वैद्यकीय शिक्षण म्हणजे केवळ डॉक्टरचे शिक्षण, हा समज आम्हाला मान्य नाही. न्यूरॉलॉजिस्ट आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. गडचिरोलीच्या किंवा माणदेशाच्या रुग्णाला पहिल्यांदा पाहते ती आशाताई, एएनएम, नाहीतर आमच्यासारखी जीएनएम झालेली परिचारिका. आशाताईच्या तपासणी अर्जात साठीपुढच्या माणसांसाठी ‘उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का’ असा प्रश्न आहे. प्रश्न आहे, खूणही केली जाते. त्या खुणेनंतर काय करायचे, कुणाकडे पाठवायचे, हे तिला शिकवले तरच त्या अर्जाला अर्थ.

शिकणारे कोण, हाही प्रश्न आहेच. न्यूरॉलॉजीची डीएम ही पदवी अतिविशेष शिक्षणात मोडते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या एका निकालात या पातळीवर आरक्षणाला जागा नाही असे म्हटले. खालच्या पायऱ्यांवर आपली मुले कशी वागवली जातात ते प्रा. सुखदेव थोरात समितीने एम्समध्ये पाहून २००७ साली अहवालात लिहिले. रुग्ण आपला, खाट आपली, संशोधनाला लागणारे शरीर आपले, आणि तपासणाऱ्याच्या खुर्चीवर आपला माणूस क्वचित. गुणवत्तेची भाषा करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की ‘दारुडा’ या शब्दामागे दडलेला अ‍ॅटॅक्सिया ओळखायला जी नजर लागते, ती वस्तीत वाढलेल्या डॉक्टरकडे अधिक असण्याची शक्यता आहे. हीसुद्धा गुणवत्ताच आहे.

आपल्या परंपरेत या शिक्षणाची पाळेमुळे आहेत. विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्याला आपल्या हाताने न्हाऊ घातले आणि संघाला बजावले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. तिथेच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत : औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये आणि रुग्णाच्या मनाला धम्माने उभारी द्यावी. आम्ही तर याला नर्सिंगचा पहिला अभ्यासक्रम मानतो. तो प्रवेश परीक्षेवाचून सगळ्यांना खुला होता.

आपण काय करायचे

आमच्या मागण्या साध्या आहेत. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस न्यूरॉलॉजिस्टची ओपीडी ठेवा. लेव्होडोपा, पेनिसिलामाइन आणि झिंक ही औषधे तिथे कायम मिळू द्या. आशाताई आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणात हालचालींच्या विकारांचा एक दिवस घाला. घराण्यात चालत आलेल्या अ‍ॅटॅक्सियाची जनुकीय चाचणी सरकारी खर्चाने करा. संशोधनासाठी वस्तीतून रक्त नेले तर त्याचा निष्कर्ष वस्तीत येऊन मराठीत सांगा.

सरकार करील तेव्हा करील. या वर्षावासात विहारात एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास आरोग्यासाठी ठेवा. ज्यांची चाल बदलली आहे, हात थरथरतो, बोलणे जड झाले आहे अशा माणसांना घेऊन या. एका ओळीत टाचेला अंगठा लावून चालायला सांगा. अंगठा आणि तर्जनी भराभर उघडझाप करायला सांगा. कागदावर स्वतःचे नाव चार वेळा लिहायला सांगा. मग समोर बसून दोन हातांची दोन बोटे हातभर अंतरावर धरा आणि म्हणा, मान न हलवता इकडे बघा, आता तिकडे बघा. डोळा उडी मारतो की सरकत जातो ते पाहा. हे निदान नव्हे, निदान डॉक्टर करील. पण काय पाहिले, केव्हापासून आहे, घरात आणखी कुणाला आहे, काम काय करतो, गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे पाच मुद्दे कागदावर लिहून तो कागद रुग्णाबरोबर द्या. असा कागद हातात असलेल्या माणसाला ‘उतरल्यावर ये’ म्हणणे अवघड जाते.

वाडियांनी नऊ कुटुंबांच्या डोळ्यांकडे नीट पाहिले. तेवढे पाहणे आपल्याला जमण्यासारखे आहे. पुढच्या वेळी गल्लीत कुणी झोकांडी खाल्ली तर आधी त्याच्या घरी चौकशी करा. घरात आणखी कुणी असे चालत होते का, एवढे विचारा.